बाबांच्या बाजूची लाइन

"तुमचे वडील रडीचा डाव खेळतात," हे मला क्लबच्या कपडे बदलायच्या खोलीत सांगण्यात आलं तेव्हा मी एका पायावर उभा होतो आणि दुसऱ्या पायातला मोजा अर्धा निघाला होता. सांगणारा क्लबातला नोटरी. हा माणूस बेसिनमध्ये दाढीचे केस तसेच सोडून जातो, दुसऱ्याच्या टॉवेलला हात पुसतो, आणि वर लोकांच्या बापाबद्दल बोलतो.

"कोणाचे वडील?" मी विचारलं. जसं काही त्या क्लबात आणखी दहा जणांचे वडील टेनिस खेळत होते.

"तुमचेच हो. परवा माझे तीन बॉल खाल्ले. एक तर लाइनच्या वीतभर आत. म्हणाले, आउट. मी म्हटलं, काका, नक्की? तर म्हणतात, मला विचारतोस?"

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. "मी एकटाच म्हणत नाहीये, विचारा कोणालाही," म्हणाला आणि ओला टॉवेल माझ्या पिशवीवर टाकून गेला.

ज्यांना टेनिस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीवरच्या टेनिसमध्ये कॅमेरे असतात, खुर्चीवर बसलेला पंच असतो. आमच्यासारख्या हौशी लोकांच्या कोर्टावर यातलं काही नसतं. नेटच्या ज्या बाजूला बॉल पडेल त्या बाजूच्या खेळाडूने सांगायचं, आत की आउट, आणि समोरच्याने ते मुकाट ऐकायचं. आमचं कोर्ट सिमेंटचं, त्यावर बॉलचा डागही उठत नाही. शंका आली तर बॉल आत धरायचा, म्हणजे पॉइंट समोरच्याला द्यायचा. सगळा खेळ या एका भरवशावर चालतो. आणि हा नियम आमच्या क्लबच्या फळ्यावर ज्यांच्या अक्षरात लिहिलेला आहे, ते माझे वडील.

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. शहरात दरवर्षी व्यावसायिक खेळाडूंची एक स्पर्धा व्हायची, तेव्हा ते आठ दिवस रजा काढून लाइनवर उभे राहायचे, हौसेने. पांढरी टोपी, हात गुडघ्यांवर, डोळे लाइनवर. जगातल्या पहिल्या पन्नासातल्या एका खेळाडूने त्यांच्या अंगावर ओरडून रॅकेट आपटली होती आणि बाबांची पापणी हलली नव्हती. ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली आहे. क्लबात सगळे त्यांना पंचकाका म्हणतात. हल्ली मोठ्या स्पर्धांत लाइनवर माणसंच नसतात, मशीन ओरडतं, त्यावर बाबा टीव्हीसमोर बसून तोंड वाकडं करतात. "बॉल टेकायच्या आत बोंबलतंय मेलं. याला काय कळतं?" म्हणतात.

मी कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येतात, त्यात मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, हिरड्या घासून गुळगुळीत करतो. कित्येक मापं नीट धुतलेलीसुद्धा नसतात. कोणी काय खाल्लं होतं ते मला समजतं. तेव्हा किळस म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये, मला तिचाच पगार मिळतो.

पण माझ्या टेबलावर प्लास्टरच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा असतो आणि त्यावर टेनिस चालू असतं. वर्षातल्या चारही मोठ्या स्पर्धा, आणि मधल्या अशा बारक्या, ज्यांची नावं खेळणाऱ्यांच्या आयांनाही माहीत नसतील. कोणाचा खांदा दुखतोय, कोणी कोच बदलला, कोण पात्रता फेरीत गारद झाला, सगळं मला ठाऊक. जगात एकशे चाळिसाव्या नंबरच्या पोराच्या बॅकहँडवरून मी बायकोशी अबोला धरलेला आहे. स्वतः मी खेळतो ते विचारू नका. सर्व्हिस बरी, बॅकहँड भिकार, गुडघे सत्तेचाळीस वर्षांचे. तरी महिन्यातून एखादा शॉट असा बसतो की हाताला काही जाणवतच नाही, बॉल नुसता जातो. तेवढ्या एका शॉटसाठी मी महिनाभर लोकांचे जबडे घासतो.

आता ती जुनी गोष्ट. मी चौदा वर्षांचा असताना मुलांच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो होतो. मॅच पॉइंट माझा. समोरच्याचा बॉल माझ्या बाजूला पडला, मला तो बाहेर दिसला, मी बोट वर केलं. जिंकलो. उडी मारली. तेवढ्यात प्रेक्षकांतून बाबा उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बॉल आत होता. पॉइंट देऊन टाक." मी दिला. मग पुढचे सगळे पॉइंट गेले. त्या दिवशी मला कप मिळाला नाही, पण लोकांनी उभं राहून बाबांसाठी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी रडत होतो आणि बाबा म्हणाले, "कप गंजतात." मी ते वाक्य उराशी धरून मोठा झालो. कोणाच्या कवळीत एक दात तिरका बसला तर डॉक्टरांना कळायच्या आधी मीच सांगतो आणि फुकट नवीन करून देतो. धंद्यातले लोक मला मूर्ख म्हणतात. मी मनात म्हणतो, म्हणा, तुम्हाला माझे बाबा माहीत नाहीत.

म्हणून नोटरीच्या बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याला तोंडावर पाडायचं या एकाच हेतूने मी पुढच्या सकाळी कोर्टाच्या मागच्या हिरव्या पडद्याआड जाऊन उभा राहिलो. पडद्याला एक भोक आहे. बाबा क्लबातल्या एका शिक्षिकेबरोबर खेळत होते. सहाव्या-सातव्या मिनिटाला तिचा एक बॉल बाबांच्या बाजूला पडला, लाइनच्या चांगला आत, माझ्यापासून चार पावलांवर. बाबांनी बोट वर केलं. "आउट!" आवाज खणखणीत, जुन्या दिवसांतला. ती बिचारी "हो का?" म्हणाली आणि पुढच्या पॉइंटला उभी राहिली. अर्ध्या तासात असे तीन. तिसऱ्याला मी भोकावरून डोळा काढला. मी पडद्याआड वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. पडद्याच्या त्या घामट, कुबट वासात मला बापाची किळस आली, आणि तशी ती आली म्हणून स्वतःची.

मग एकदम उजेड पडला. डोळे! शहात्तर वर्षांचा माणूस, अडतीस वर्षं बारीक टायपात डोळे फोडलेला. त्यांना दिसत नाहीये! माझा जीव भांड्यात पडला. बाप आंधळा होतोय म्हणून हरखलेला मुलगा मी पहिलाच असेन.

त्याच संध्याकाळी क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. या निवृत्त मुख्याध्यापिका, समोर बसलं की आपोआप हाताची घडी होते. टेबलावर तीन कागद.

"लेखी तक्रारी आहेत," त्या म्हणाल्या. "शनिवारी कमिटी बसतेय. पंचकाकांचं नाव सगळ्या स्पर्धांमधून काढायचं आणि तसं फळ्यावर लावायचं, असं बहुतेकांचं मत आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

फळ्यावर. ज्या फळ्यावर त्यांच्याच अक्षरात तो नियम आहे, त्याच्या खाली त्यांचं नाव, लबाड म्हणून. दुसरं काही कमावलंय काय त्या माणसाने? भाड्याच्या दोन खोल्या आणि हे नाव, बस्स.

"बाई, त्यांना दिसत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"डोळे गेलेत. मोतीबिंदू, शिवाय पडद्याचं काहीतरी. घरात आम्ही बोलत नाही, त्यांना लागतं. माणूस स्वाभिमानी आहे. त्यांना जे दिसतं तेच ते सांगतात हो." हे सगळं माझ्या तोंडून धडाधड निघालं. डॉक्टरकडे अजून नेलेलंही नव्हतं. पण मला खोटं बोलतोय असं जराही वाटत नव्हतं, फक्त चार दिवस आधी बोलतोय असं वाटत होतं.

बाईंचा चेहराच बदलला. त्यांनी तिन्ही कागद फाडले आणि चष्मा काढून डोळे टिपले. "आणि आम्ही काय काय बोललो," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी क्लबभर झालं. जो तो मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात बोलायला लागला. नोटरीने माझा हात हातात धरून ठेवला. त्याचा हात ओला होता, कशाने ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. "कशाला?" विचारलं त्यांनी. "तपासून घेऊ, वय झालं," मी म्हणालो. आले बिचारे. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, दिवे मारले, मशीनमध्ये हनुवटी ठेवायला लावली. मग भिंतीवरचा तक्ता. बाबांनी एक डोळा झाकला आणि वरून खालपर्यंत घडाघडा वाचला. दुसरा डोळा, तेच. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाले, "त्याखाली छापणाऱ्याचा पत्ता आहे, तो वाचू? त्यात एक चूक आहे."

डॉक्टरीणबाई उठून तक्त्याजवळ गेल्या, नाक लावून पाहिलं आणि हसत सुटल्या. "खरंच आहे की! अहो, आजोबांचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी केलं होतं? सुरेख झालंय."

"सात वर्षं झाली," बाबा म्हणाले.

सात वर्षं! ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात मीच तर बसलो होतो. आणि मी बाईंना मोतीबिंदू सांगून आलो होतो. माणसाला विसरायचंच असलं की काय वाट्टेल ते विसरतो.

खाली येऊन गाडीत बसलो. मी किल्ली फिरवलीच नाही.

"बाबा, तुम्ही बॉल खाता."

ते खिडकीतून बाहेर बघत होते. समोर एक बाई दुकानाची काच पुसत होती.

"खातो," म्हणाले.

मला वाटलं होतं ओरडतील. नाकारतील. निदान थोडं थांबतील. "खातो," जसं कोणी विचारावं, तुम्ही औषध घेता का? घेतो.

"का?"

"जिंकायचंय मला. ऐंशीला आलो, एक कप नाही घरात."

"कप गंजतात ना?"

"कोण म्हणतं?"

त्यांना आठवतही नव्हतं. माझं डोकं भणभणायला लागलं. मी म्हटलं, "मी चौदा वर्षांचा होतो, फायनल होती. माझा मॅच पॉइंट तुम्ही उठून देऊन टाकलात. तो बॉल?"

"तो होय." ते जरा आठवत राहिले. "मी बसलो होतो तिथून मला काय दिसणार? मध्ये खांब होता. बाहेरच असेल, तू म्हणालास तर."

"मग उठलात कशाला?"

"लोक बघत होते ना. लाइनवर उभा राहणारा माणूस मी, आणि माझा मुलगा तसल्या बॉलवर जिंकला, तर लोक काय म्हणाले असते? आता कोण बघतंय? आता सगळे मोबाइल बघतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. कानातून आलेले पांढरे केस, ओठाच्या कोपऱ्यात साठलेला पांढरा फेस. माझ्याच हाताने बनवलेली कवळी त्यांच्या तोंडात होती, तीन वेळा घासून बसवलेली, कारण बाबांना टोचायला नको. थू! तेहतीस वर्षं मी कशाची पूजा केली? एका खांबामागे बसलेल्या, टाळ्यांना हपापलेल्या माणसाची.

"मी बाईंना सांगणार आहे, तुमचे डोळे ठीक आहेत म्हणून," मी म्हणालो.

"सांग की," बाबा म्हणाले. "क्लबात लोक मला हात धरून पायऱ्या उतरवायला लागले, तेव्हाच कळलं मला. दिसत नाही असं मी कुणाला म्हणालो? एक शब्द बोललो असेन तर सांग. खोटं कोण बोललं? तू. तुझंच नाव लागेल फळ्यावर." मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "चल, गाडी काढ. रविवारी फायनल आहे आपली."

ती एक भानगड राहिलीच सांगायची. क्लबात दरवर्षी घरातल्या जोड्यांची स्पर्धा असते. नवरा-बायको, बापलेक, बहीण-भाऊ, कोणीही. सोळा वर्षं आम्ही दोघं त्यात खेळतोय आणि सोळा वर्षं पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरतोय. या वर्षी आम्ही फायनलला होतो. कसे पोचलो ते आता मला कळलं होतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मग नाव काढून घे," ती म्हणाली.

"मग ते बाईंना सांगतील."

"सांगू देत. तूच जाऊन सांग, तेही आधी."

"लोक काय म्हणतील?"

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "वा," म्हणाली, "रक्तच आहे." आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. शनिवार आला आणि गेला. मी बाईंकडे गेलो नाही.

रविवारी समोर होते आमच्या क्लबातले प्लंबर आणि त्यांची लेक. प्लंबर म्हणजे देवमाणूस. क्लबातले नळ फुकट दुरुस्त करतात, आणि तेही नोटरीने घाण करून ठेवलेल्या बेसिनमध्ये हात घालून. लेक नर्स आहे, रात्रपाळी करून थेट आली होती, डोळे लाल. नेटजवळ आल्यावर प्लंबरने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लाजत लाजत म्हणाले, "पंचकाका, तुम्ही लाइनचं टेन्शन अजिबात घेऊ नका. तुमच्या बाजूचं सगळं दादा सांगतील. दादा म्हणतील ते आम्हाला मान्य."

दादा म्हणजे मी. मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाबांनी आंधळ्यासारखं जरासं भलतीकडे बघून मान हलवली. शिसारी आली मला, इतकं छान केलं त्यांनी ते.

पण मनात म्हटलं, ठीक आहे. लाइन माझ्या हातात आली ना? मग आता एकही बॉल खाल्ला जाणार नाही. जे दिसेल ते सांगणार. हरलो तर हरलो, सुटलो.

आणि सांगत होतो. आत तर आत. दोनदा शंका आली, दोन्ही वेळा आत म्हटलं. बाबा दर वेळी माझ्याकडे बघायचे, पण काही बोलायचे नाहीत. लोक खुर्च्या टाकून बसले होते, बाई पहिल्या रांगेत. आणि गंमत अशी, की खेळ रंगला. प्लंबर मन लावून खेळत होते, नर्सचा फोरहँड तोफेसारखा, आणि बाबा, काय सांगू, शहात्तराव्या वर्षी नेटवर असे हलके बॉल टाकत होते की बघत राहावं. माझा बॅकहँडसुद्धा बसत होता. मधूनमधून मी सगळं विसरून जायचो. एकदा तर बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि मग हात शर्टाला पुसला.

सहा-सहा झाले. टायब्रेक, म्हणजे दोनच्या फरकाने आधी सात पॉइंट करेल त्याची मॅच. त्यात सहा-पाच, मॅच पॉइंट आमचा.

नर्सने फोरहँड मारला तो बाबांच्या बाजूच्या लाइनवर. बॉल पांढऱ्या पट्ट्यावर पडला. अर्धा नाही, पाव नाही, पूर्ण पट्ट्यावर. बाबा हललेच नाहीत.

"आत!" मी ओरडलो. सहा-सहा. मोकळं वाटलं एकदम, जणू दाढेत अडकलेलं काही निघालं.

बाबा सावकाश वळले. सगळ्यांकडे बघून न बघितल्यासारखं केलं, आणि मोठ्या मायेने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "राहू दे बाळ. तुलाही तसंच व्हायला लागलंय ना? लाइन वाकडी दिसते, दोन-दोन दिसतात?" मग प्लंबरकडे वळून, "घराण्यातच आहे हो आमच्या. माझ्या वडिलांना होतं, मला झालं, आता याला. घरी लपवतो तो. तुम्ही म्हणाल ते खरं, आम्हा दोघांनाही काय दिसतंय?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार? माझे डोळे ठणठणीत आहेत म्हणायचं, तर दुसऱ्याच क्षणी घराण्यातलं खोटं बाहेर येणार, मग बाबांचे डोळे, मग डॉक्टर, मग मी. बाई पहिल्या रांगेत पदराने डोळे टिपत होत्या. मी तोंड मिटलं.

प्लंबरने लेकीकडे पाहिलं. तिने तिचे लाल डोळे चोळले आणि मान डोलावली. "मलाही नक्की दिसला नाही काका," ती म्हणाली. दिसला होता तिला, मला तिच्या तोंडावरून कळलं. "पुन्हा खेळू या हा पॉइंट."

नियमाने पॉइंट त्यांचा होता, आणि ती आम्हाला पुन्हा सहा-पाच करून देत होती. जोडीदारांत एकमत नसेल तर पॉइंट समोरच्याला, हे आमच्या फळ्यावर आहे आणि बाबांना पाठ आहे. बाबा म्हणाले, "फार उपकार झाले, पोरी," आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले. जाता जाता माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला.

तेव्हा मी ठरवलं. बॉल माझ्याकडे आला की नेटमध्ये घालायचा. एवढं तर माझ्या हातात आहे ना? कोणाला काही सांगायला नको, काही नको, नेटमध्ये घालायचा आणि पुढचे दोनही घालायचे. कप त्यांच्या घरी जाऊ दे. या ओंगळ गोष्टीतून मी माझे हात तरी धुऊन घेतो. मी सर्व्हिस केली. नर्सने ती परत मारली, बाबांनी मागे टाकली, प्लंबर धावत गेले आणि त्यांनी जिवाच्या आकांताने बॉल माझ्या अंगावर मारला.

नेटमध्ये घाल, मी स्वतःला म्हणालो. बॉल आला. डाव्या बाजूला आला, भिकार बॅकहँडच्या बाजूला, आणि मी काही करायच्या आत खांदा वळला, पाय पडला, रॅकेट गेली. हाताला काहीच जाणवलं नाही. बॉल नेटच्या बोटभर वरून तिरका गेला आणि पलीकडच्या कोपऱ्यात, दोन लाइनी मिळतात तिथे, पडला. आत की बाहेर, मला इथून दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. बाजू त्यांची होती, सांगायचं त्यांनी. प्लंबर बॉलच्या दोन पावलांवर उभे होते. नुसतं बोट वर केलं असतं तर कोणी चकार शब्द काढला नसता, मी तर मुळीच नाही.

"लाइनला लागला, दादा," प्लंबर म्हणाले. धापा टाकत होते, हसत होते. "काय मारलात! जिंकलात तुम्ही." त्यांची लेक रॅकेटवर तळहात आपटून टाळ्या वाजवायला लागली, मग सगळेच.

त्यांनी ते सांगायच्या आधीच माझी मूठ वर गेली होती आणि मी मोठ्याने ओरडलो होतो, आनंदाने.